राइनहार्टचे वारस कोणत्या आडनावाने शोधायचे?

1856 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एका मृत्युपत्राचा वाद निकाली निघाला. एका बाजूला प्रिन्सेप आणि ईस्ट इंडिया कंपनी होती. दुसऱ्या बाजूला तीन नावे होती : डाइस सोम्बर, ट्रूप आणि सोलारोली. पहिले नाव एका इंग्रज सरदाराच्या मुलीचे, म्हणजे मृताच्या विधवेचे. उरलेली दोन नावे त्याच्या बहिणींच्या सासरची; त्यांतले शेवटचे इटालियन. भांडण चालले होते ते मेरठजवळच्या सरधना नावाच्या जहागिरीतून उभ्या राहिलेल्या संपत्तीवरून. ही जहागीर ज्याने मिळवली आणि मृत माणूस ज्याचा खापरपणतू नव्हे तर अवघा पणतू होता, तो वॉल्टर राइनहार्ट जर्मन होता. तीन पिढ्या उलटल्या होत्या, एवढेच. पण दाव्याच्या कागदावर राइनहार्ट हे आडनाव कुठेही नव्हते.

वंशावळ शोधायला बसलेला माणूस पहिल्यांदा आडनाव धरतो. आडनावावरून गाव, गावावरून चर्चची किंवा तीर्थोपाध्यायाची वही, वहीतून आजोबा-पणजोबा, असा त्याचा प्रवास होतो. राइनहार्टच्या घराण्याला ही रीत लावली तर दुसऱ्याच पिढीत वाट संपते. आणि ती संपते याचा अर्थ घराणे संपले असा होत नाही. ते मुलींच्या वाटेने पुढे गेले. हे एका परदेशी घराण्याचे वेगळेपण समजून बाजूला ठेवण्यासारखे नाही. मराठी घरांत मोठ्या कष्टाने तयार होणाऱ्या कुलवृत्तांतांचा पायाच या उदाहरणाने तपासून घ्यावा, इतके ते आपल्या जवळचे आहे.

या घराण्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एक ठिकाण भेटते, ते म्हणजे कोलकात्याचे फोर्ट विल्यम. प्लासीच्या लढाईनंतर 1758 मध्ये हुगळीच्या काठी या नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि 1781 च्या सुमारास ते पुरे झाले. पण त्या काळच्या कागदांत ‘फोर्ट विल्यम’ म्हणजे नुसता किल्ला नव्हे, तर कंपनीचे सरकार. गव्हर्नर जनरल आणि त्याचे कौन्सिल फोर्ट विल्यमचे, 1774 साली सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत नावातही फोर्ट विल्यम. आज तिथे भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. किल्ल्याचे नाव बदलून आता विजयदुर्ग झाले आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. तिथल्या सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट म्हणतात. ज्या शहराने 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने भोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला, त्या शहराच्या किल्ल्याचे हे नवे नाव आहे.

राइनहार्टला या शहराने आधी आसरा दिला आणि पुढे त्याचे डोके मागितले. त्याच्या जन्मगावाबद्दल जुन्या लेखकांचे एकमत नाही. कुणी ट्रियर म्हणतात, कुणी स्ट्रासबुर्ग, तर त्याची विधवा बेगम समरू हिच्या मृत्यूनंतर सरधन्याला जाऊन आलेला इंग्रज अधिकारी स्लीमन त्याला साल्झबुर्गचा ठरवतो. अठराव्या शतकाच्या मध्याला तो फ्रेंचांबरोबर हिंदुस्थानात आला. कलकत्त्यात कंपनीच्या स्विस तुकडीत काही दिवस नोकरी करून तो चंद्रनगरच्या फ्रेंचांकडे पळाला, असे सांगितले जाते. पुढे बंगालच्या नवाब मीर कासीमच्या पदरी त्याने पलटणी उभ्या केल्या. ऑक्टोबर 1763 मध्ये मीर कासीमने पाटण्यातल्या इंग्रज कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला आणि तो हुकूम राइनहार्टने पार पाडला. कंपनीचा पाटण्याचा प्रमुख एलिस मारल्या गेलेल्यांपैकी एक. त्यानंतर फोर्ट विल्यमने त्याचा पिच्छा सोडला नाही. बक्सरच्या लढाईनंतर अवधच्या शुजाउद्दौलाशी तहाची बोलणी झाली, तेव्हा मीर कासीमबरोबर या माणसालाही आमच्या हवाली करा ही इंग्रजांची अट होती. तो मात्र निसटत राहिला. आधी भरतपूरच्या जाटांकडे, मग दिल्लीच्या बादशहाचा सेनापती नजफखान याच्याकडे. तिथून त्याला सरधन्याची जहागीर मिळाली.

जुन्या कागदांत त्याची नावे राइनहार्ड, राइनहार्ट, रेनार्ड अशी वेगवेगळी आढळतात. सोम्बर हे टोपणनाव आणि त्याचे हिंदुस्थानी तोंडातले समरू हे रूप मात्र इतके रुजले की मूळ नाव मागे पडले. एकाच माणसाला इंग्रज कारकून, फ्रेंच अधिकारी आणि फारसी मुन्शी तीन तऱ्हांनी लिहितात. म्हणून एकच स्पेलिंग घेऊन शोध घेणाऱ्याच्या हाती यातले निम्मेही कागद लागत नाहीत.

त्याची कबर आग्र्याच्या जुन्या कॅथॉलिक दफनभूमीत आहे. अष्टकोनी आणि वर घुमट असलेली ही इमारत दुरून एखाद्या मोगल सरदाराचा मकबरा वाटावी अशी आहे. आतल्या दगडावर पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरली आहे : 4 मे 1778. शिवाय फारसी मजकूर आहे. जर्मन माणूस, मोगली धाटणीची कबर, पोर्तुगीज आणि फारसी अक्षरे. मायभाषेतला एक शब्दही त्या दगडावर नाही. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातल्या कॅथॉलिक पाद्र्यांची लिखापढी पोर्तुगीजमध्ये चाले आणि दरबाराची फारसीत. घराण्याचा मूळपुरुषच असा तीन-चार भाषांत वाटला गेल्यावर, जर्मनीतल्या चर्चच्या नोंदवह्या चाळून त्याची पुढची पिढी कशी सापडावी?

राइनहार्टच्या मागे दोन स्त्रिया राहिल्या. एक त्याच्या मुलाची आई. मोठी बीबी एवढीच तिची ओळख इतिहासात उरली. दुसरी फर्झाना, जिला जग बेगम समरू म्हणून ओळखते. तिला मूल नव्हते. पण फौजेने तिलाच मालकीण मानले, बादशहा शाह आलमने जहागीर तिच्या नावे केली. 1781 मध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि जोआना हे नाव घेतले. 1795 मध्ये तिच्याच सैन्याने बंड करून राइनहार्टचा मुलगा जफरयाब खान याला गादीवर बसवले, तेव्हा जॉर्ज थॉमस या आयरिश सरदाराच्या मदतीने ती परत आली. जफरयाबला दिल्लीत नजरकैदेत दिवस काढावे लागले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो वारला. आडनाव पुढे नेऊ शकेल असा मुलगा त्याच्या मागे उरला नाही. पुरुषांच्या वंशवृक्षात राइनहार्टांची पाटी इथे कोरी होते.

बेगमचा काळ म्हणजे उत्तरेत महादजी शिंद्यांचा आणि त्यांच्यानंतर दौलतरावांचा काळ. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे शिंद्यांच्या हाती असताना बेगमची जहागीर टिकली आणि तिच्या पलटणी शिंद्यांच्या कामी आल्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असई इथे आर्थर वेलस्लीच्या फौजेशी शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभ्या असलेल्या शिंद्यांच्या कवायती पायदळात बेगमच्या पाच पलटणी होत्या, कर्नल सालेरच्या हुकमतीखाली. सर्वांत मोठी ब्रिगेड होती अँथनी पोलमनची. हा हॅनोव्हरचा जर्मन, एकेकाळचा कंपनीचा सार्जंट. म्हणजे मराठवाड्यातल्या त्या शेतांमध्ये एका जर्मनाची ब्रिगेड आणि दुसऱ्या जर्मनाच्या विधवेचे सैन्य एकाच बाजूने लढले. शाळेच्या इतिहासात असईवर पाच-सात ओळी असतात. त्यांत या दोघांना जागा मिळत नाही, याचे वाईट वाटते. मराठेशाहीच्या फौजेत कोण कोण होते आणि ते तिथे का आले, हे कळल्याखेरीज ती लढाई नीट समजतच नाही.

ते का आले, याचे एक उत्तर कंपनीच्या नियमांत आहे. 1791 मध्ये कंपनीच्या संचालकांनी हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकरीचे दरवाजे बंद केले. युरोपीय बाप असला तरी आई इथली, एवढे कारण पुरेसे होते. जेम्स स्किनर यामुळेच शिंद्यांच्या फौजेत गेला. 1803 मध्ये युद्ध पेटले तेव्हा आर्थरचा भाऊ गव्हर्नर जनरल वेलस्ली याने घोषणा काढून मराठ्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिशांना ती सोडायला सांगितले आणि सोडून येणाऱ्यांना निवृत्तिवेतनाचे आश्वासन दिले. त्या निवृत्तिवेतनाच्या याद्या आज वंशावळ शोधणाऱ्यांना उपयोगी पडतात. त्यांत सैनिकाचे नाव सापडते, हुद्दा सापडतो, पगार सापडतो. आई सापडत नाही.

जॉर्ज अलेक्झांडर डाइस हा असाच एक. बाप स्कॉटिश लष्करी अधिकारी, आई हिंदुस्थानी. शिक्षण कलकत्त्याच्या लष्करी अनाथ संस्थेत. बाप कंपनीचा अधिकारी असूनही मुलाला त्या फौजेत अधिकारी होता येईना. मग तो बेगमच्या पदरी आला. 1806 मध्ये त्याचे लग्न जफरयाब खानाच्या मुलीशी, ज्युलिया ॲनशी झाले. राइनहार्टचे रक्त पुढे गेले ते या ज्युलिया ॲनमधून. तिला तीन मुले जगली : 1808 मध्ये जन्मलेला डेव्हिड ऑक्टरलोनी आणि ॲन मेरी व जॉर्जियाना या दोन मुली. ज्युलिया ॲन 1820 मध्ये वारली, तेव्हा डेव्हिड बारा वर्षांचाही नव्हता. त्याला बेगमनेच वाढवले होते, तोच तिचा वारस झाला आणि तिच्या इच्छेनुसार त्याने आपल्या नावाला सोम्बर जोडले.

इथे क्षणभर थांबावे. डेव्हिडला सोम्बर हे नाव मिळाले ते बापाकडून नव्हे, बापाच्या बापाकडूनही नव्हे. ते दिले पणजोबाच्या दुसऱ्या बायकोने, जिच्याशी त्याचे रक्ताचे नातेच नव्हते. रक्त आले आईकडून, नाव आले सावत्र पणजीकडून, आडनावातला डाइस हा शब्द बापाकडून, आणि बापाशी तर त्याचा उभा दावा होता. बेगमने या नातजावयाला कारभारातून दूर केले होते. 27 जानेवारी 1836 रोजी तिचा मृत्यू झाल्यावर कर्नल डाइसने फोर्ट विल्यमच्या सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या मुलाविरुद्ध पैशांसाठी दावा लावला. 1838 मध्ये कलकत्त्यातच तो वारला. त्याच वर्षी मुलगा विलायतेला निघून गेला. 1805 च्या करारानुसार जहागीर बेगमच्या हयातीपुरतीच होती, म्हणून ती कंपनीने ताब्यात घेतली. रोकड आणि खासगी मालमत्ता मात्र डेव्हिडकडे आली. ती सुमारे पाच लाख पौंडांची मानली जात होती.

सरधन्याच्या चर्चमध्ये बेगमचे संगमरवरी स्मारक आहे. ते याच डेव्हिडने रोममधल्या आदामो तादोलिनी या शिल्पकाराकडून करवून घेतले. सर्वांत वर बेगम बसली आहे, हातात बादशहाच्या फर्मानाची गुंडाळी. खाली पूर्णाकृती माणसे आहेत : शोकात बसलेला डेव्हिड, दिवाण राय सिंग, घोडदळाचा सरदार इनायतुल्ला, बिशप ज्युलियस सीझर. वंशवृक्षाच्या नियमाने पाहिले तर यातल्या कोणाचेही बेगमशी रक्ताचे नाते नाही. पण ज्याला तिचे घर म्हणायचे ते हेच. घराणे म्हणजे कोण, याचे उत्तर तिने आणि तिच्या वारसाने दगडात देऊन ठेवले आहे. कोणत्याही छापील वंशावळीपेक्षा ते खरे वाटते.

डेव्हिडचे पुढचे आयुष्य दुःखाचे आहे. 1840 मध्ये त्याने व्हायकाउंट सेंट व्हिन्सेंटच्या मुलीशी, मेरी ॲन जर्व्हिसशी लग्न केले. 1841 मध्ये सडबरी मतदारसंघातून तो ब्रिटिश संसदेत निवडून आला. दादाभाई नौरोजी तिथे पोहोचले 1892 मध्ये. त्याच्या अर्धशतक आधी हिंदी आजी-पणजींचे रक्त असलेला हा माणूस त्या बाकावर बसला होता. मतदारांना लाच दिल्याच्या कारणावरून 1842 मध्ये ती निवडणूक रद्द झाली. पत्नीवर संशय घेऊन तो लोकांना द्वंद्वाची आव्हाने देऊ लागला आणि 1843 मध्ये त्याला वेडा ठरवून मालमत्ता न्यायालयाच्या देखरेखीखाली घेतली गेली. तो पॅरिसला पळाला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला शहाणा ठरवले. 1849 मध्ये आपल्या शहाणपणाच्या पुराव्यादाखल त्याने एक जाडजूड पुस्तक छापले. 1 जुलै 1851 रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याचे अवशेष सरधन्याला नेले गेले.

वंशावळीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट या खटल्यांत घडली. डेव्हिडचा संशय हा आजार की स्वभाव, हे ठरवताना वकिलांनी त्याची वंशावळच पुराव्यात आणली. पत्नीने परपुरुषाशी बोलण्यावरून एखादा युरोपीय माणूस इतका भडकला तर ते वेड. पण पडदा पाळणाऱ्या हिंदुस्थानी घरात वाढलेल्या माणसाला त्याच मापाने मोजायचे का? मग तो युरोपीय किती आणि आशियाई किती, याचा कीस पडला. ज्या आज्या-पणज्यांची नावे कोणी धड नोंदवली नव्हती, त्यांच्या जातीधर्माची आणि चालीरीतींची चर्चा लंडनच्या न्यायालयात झाली. आपल्या मृत्युपत्रात डेव्हिडने मोठी रक्कम सरधन्याला शाळा काढण्यासाठी कंपनीकडे ठेवली होती. मृत्युपत्र वेड्याचे ठरले, कंपनी हरली. शाळेचे पैसे विधवा आणि बहिणींकडे गेले. मेरी ॲन पुढे लेडी फॉरेस्टर झाली आणि सरधन्याच्या मालमत्तेलाही तेच नाव चिकटले.

आणि राइनहार्टचा वंश? धाकटी बहीण जॉर्जियाना हिचे लग्न 1831 मध्ये पाओलो सोलारोली या इटालियनाशी झाले होते. नोव्हाराचा हा माणूस नशीब काढायला पूर्वेकडे आला आणि बेगमच्या नोकरीत शिरला. पत्नीच्या वाट्याचा पैसा घेऊन तो मायदेशी परतला. पिडमाँटच्या सैन्यात तो जनरल झाला, त्याला उमरावकी मिळाली. ट्रियर असो वा साल्झबुर्ग, जिथून निघाला तिथून पाटणा, आग्रा, सरधनामार्गे राइनहार्टचे रक्त असे उत्तर इटलीतल्या एका सरदार घराण्यात जाऊन पोहोचले. मुलीची मुलगी, तिची मुले, अशी ही वाट.

जर्मनीत मात्र विसाव्या शतकातही राइनहार्टच्या वारशावर हक्क सांगणारे लोक उभे राहिले. त्यांची वारससंघटना होती. बेगमच्या संपत्तीचे आकडे दर पिढीला फुगत गेले. आडनाव जुळते म्हणून नाते जुळते, या समजुतीवर ही सारी खटपट उभी होती. त्यांच्या आशेची टिंगल करण्याचे कारण नाही. युद्धांनी आणि महागाईने पिचलेल्या माणसांना दूरदेशीच्या जहागिरीचे स्वप्न पडले तर नवल नाही. पण त्यांनी ज्या दिशेने खणले तिथे काही नव्हतेच. खरे वारस होते आल्प्सच्या पलीकडे, सोलारोली आडनावाने.

याच्या नेमके उलटे चित्र दुसऱ्या एका जर्मन घराण्यात दिसते. हेरमान गुंडर्ट हा स्टुटगार्टचा मिशनरी केरळात थलश्शेरीला राहिला. मल्याळमचे व्याकरण आणि शब्दकोश त्याने रचला. त्याची मुलगी मेरी तिथेच 1842 मध्ये जन्मली. तिचा मुलगा म्हणजे ‘सिद्धार्थ’ लिहिणारा नोबेलविजेता हेरमान हेसे. हेसेच्या लेखनातला भारत कुठून आला हे सांगायचे तर आईकडचे आजोबा सांगावेच लागतात. बाझल मिशनने आपल्या माणसांची पत्रे, अहवाल, छायाचित्रे जपली, आणि तिथल्या बायका स्वतः लिहीत होत्या, म्हणून ही मुलीकडची वाट आज स्वच्छ दिसते. दोन्ही घराणी जर्मन, दोन्ही हिंदुस्थानात आलेली. फरक पडला तो बाईचे नाव कागदावर होते की नाही याने.

कंपनी सरकारची कागद ठेवण्याची हौस दांडगी होती. बंगाल इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या 1713 पासूनच्या आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई आणि मद्रासच्याही आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था त्यांच्या सूच्या तयार करते. परराष्ट्र विभागाचे फोर्ट विल्यमचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांतले पुष्कळ आता घरबसल्या पाहता येतात. साधने आहेत. त्या साधनांत अमक्याचा ‘नैसर्गिक पुत्र’ असे लिहून बापाचे नाव ठळक दिलेले असते आणि आईच्या जागी एकतर काहीच नसते किंवा ‘नेटिव्ह बाई’ असते. इतिहासकार दुर्बा घोष यांनी या निनावी बायकांवरच पुस्तक लिहिले आहे. मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे कागद पालथे घालून त्यांनी या बायकांचे माग काढले. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नाकारलेली बाई मृत्युपत्रात सापडते, कारण तिथे तिच्या नावे घर किंवा महिना ठरवून दिलेला असतो. ही युक्ती आपल्याकडच्या संशोधकांनीही घ्यावी अशी आहे.

मराठी घरांत वंशावळीची आस्था जुनी आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, इनामाचे कागद, देवस्थानांच्या वह्या धुंडाळून निवृत्त मंडळी वर्षानुवर्षे खपतात आणि कुलवृत्तांत छापतात. त्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. पण बहुतेक कुलवृत्तांत उघडून पाहिले तर मुलाच्या नावापुढे शाखा फुटते आणि मुलीच्या नावापुढे सासरचे गाव लिहून पूर्णविराम पडतो. सून येते ती लग्नानंतरच्या नावाने. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही बदलायची रीत होती, अनेक घरांत अजून आहे. माहेरच्या कुलवृत्तांतातली एखादी कमल सासरच्या कुलवृत्तांतात सुमती होऊन बसते, आणि तिच्या नातीला या दोघी एकच हे कळायला मार्ग राहत नाही. ज्युलिया ॲनला वगळून राइनहार्टांचा वंश जसा संपला असे दिसते, तसे आपल्याकडच्या कित्येक घराण्यांपुढे ‘वंश खुंटला’ असे छापले गेले आहे. मुली होत्या, नातवंडे होती, आजही नांदती आहेत.

काही कुलवृत्तांतांनी अलीकडे मुलींच्या मुलांची नावे घ्यायला सुरुवात केली, हे चांगले झाले. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लावून दिला. शंभर वर्षांनी वंशावळ शोधणाऱ्याला या एका बदलाचा उपयोग होईल. पण जे आधीच जन्मले त्यांचे काय? ते काम कुटुंबांनाच करावे लागेल, आणि लवकर करावे लागेल, कारण आजीचे माहेरचे नाव ठाऊक असलेली शेवटची पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे.

म्हणून नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रत्येक कुलमंडळाने तीन गोष्टी नियम म्हणून ठरवाव्यात. मुलीच्या संततीला मुलाच्या संततीसारखाच शाखाक्रमांक द्यावा. सुनेच्या नोंदीत तिचे जन्मनाव, माहेरचे आडनाव, आईचे नाव आणि गाव हे चारही तपशील असावेत. आणि नोंद कशावरून घेतली, तोंडी माहितीवरून की कागदावरून, हे तिथेच लिहावे. दत्तक, सावत्र, सांभाळलेली मुले यांनाही त्याच पानावर जागा असावी. बेगम समरूच्या घरात तर तीच माणसे घर चालवत होती. पाने वाढतील, छपाईचा खर्च वाढेल. तो परवडत नसेल तर संगणकावरची यादी पुरेशी आहे, फक्त ती एकाच घरातल्या एकाच लॅपटॉपवर पडून राहू नये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रंथालयांनी अशा याद्यांची प्रत मागून घ्यावी. येत्या उन्हाळ्यात कुलसंमेलने भरतील तेव्हा व्यासपीठावरच्या सत्कारांतला अर्धा तास कमी करून, सभागृहातल्या वयस्कर बायकांपुढे कोरे तक्ते ठेवता येतील.